मीठ-मोहऱ्या आणि डावा डोळा

दहिसरला नदीच्या कडेने जी एक जुनी चाळ अजून उभी आहे, तिथे कुणाचं पोर रात्रभर किरकिरलं की सकाळी आधी रत्नप्रभा परबचं दार वाजायचं, डॉक्टरचं मागाहून. "काकू, जरा बघता का? दूधच घेत नाय बघा कालपासून." मग रत्नप्रभा कणकेचे हात धुवायची, पदर खोचायची आणि डब्यातून मीठ, मोहऱ्या आणि तीन सुक्या मिरच्या काढायची.

तिच्या आयुष्यात मिरवण्यासारखं एवढंच होतं. नवरा राजाराम गिरणीत होता. गिरणीला टाळं लागलं, लालबागची खोली गेली, माणसं दहिसरला आली आणि पुढच्या काही वर्षांत राजारामही गेला. पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटून तिने निलेशला वाढवलं. निलेश फार शिकला नाही, पण व्यसनाला लागला नाही. आमच्याकडे एवढ्यावरसुद्धा आया देवाला नारळ फोडतात. सून नमिता मेडिकलच्या दुकानात कामाला. आणि या सगळ्यांच्या मधोमध, सगळ्यांचा जीव की प्राण, नात जान्हवी.

रत्नप्रभाच्या मालवणीत दृष्टीला 'दिष्ट' म्हणतात. दिष्ट काढायची तिची रीत तिच्या आईची, आणि आईची तिच्या आईची. पोराला पाटावर बसवायचं, मूठ बांधून अंगावरून उतरवायची, आल्यागेल्याची, पाप्याचांडाळाची असं पुटपुटायचं आणि सगळं तापल्या तव्यावर टाकायचं. मिरच्यांचा ठसका उठला तर समजायचं, साधंच काहीतरी आहे, गेलं. ठसका उठलाच नाही तर दिष्ट कडक होती आणि ती मिरच्यांनी ओढून घेतली. म्हणजे ठसका आला तरी रत्नप्रभा बरोबर, आणि नाही आला तरी बरोबर. असं शास्त्र कुणाला नको असेल? डब्यातल्या मिरच्या कधी कधी दोन पावसाळे पाहिलेल्या आणि सादळून मऊ पडलेल्या असत. पण त्या अंगाने विचार करायचं कुणाला कारण पडलं नव्हतं.

जान्हवी पहिलीत गेली त्याच वर्षी शाळा बंद झाल्या आणि घराघरांतून भरू लागल्या. निलेश तेव्हा बोरिवलीच्या एका टॉवरवर रात्रपाळीचा वॉचमन होता, आजही आहे. सुरुवातीला पोरगी त्याच्या मोबाईलवर शिकायची. निलेश हळहळायचा. "एवढ्याशा स्क्रीनवर डोळे जातील गं पोरीचे." सोसायटीच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा त्याने सेक्रेटरीच्या हातापाया पडून जुना मागून घेतला आणि रिक्षातून मांडीवर धरून घरी आणला. पोरीचे डोळे वाचावेत म्हणून आणला. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढे याचाच दोष तो स्वतःकडे घेणार होता.

खोली एकच. कॉम्प्युटर ठेवायला जागा निघाली ती शिलाई मशीनवर, पलंगाच्या उशाशी, खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात. निलेश सकाळी कामावरून येऊन त्याच पलंगावर झोपायचा. रात्रभर गेटवर उभा राहिलेल्या माणसाला दिवसा झोप मिळाली नाही तर तो मरेल की जगेल? म्हणून रत्नप्रभाच खिडकीचा पडदा ओढायची. तीच ट्यूबलाइट बंद करायची. "श्श, बाबा झोपलोसा," असं म्हणत नातीला मशीनपुढच्या स्टुलावर बसवायची आणि आपण शेजारी फतकल मारून तांदूळ निवडायची. अंधारात फक्त कॉम्प्युटरचा पडदा उजळलेला, मास्तरणीच्या चेहऱ्याचा, आणि त्याच्यापुढे वीतभर अंतरावर जान्हवीचं तोंड. अक्षरं दिसेनात तशी ती पुढे सरकायची. आजीला वाटायचं, काय गोडी लागली आहे पोरीला अभ्यासाची!

त्या उजेडात पोरीचा चेहरा गाभाऱ्यातल्या देवीसारखा दिसायचा. रत्नप्रभाने एकदा बघितलं आणि तिच्या काळजात चर्र झालं. इतकं सुंदर दिसणं बरं नाही. आपलीच दिष्ट लागायची. तिने करंगळीने पोरीच्या गालावर काजळाचा ठिपका लावला.

शाळेने एकदा आईबापांना मेसेज पाठवला होता. मुलांना दर वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर काढून लांब बघायला सांगा, खोलीत भरपूर उजेड ठेवा. नमिताने तो दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत वाचला आणि घरी येऊन सासूला सांगितला. रत्नप्रभाने प्रामाणिकपणे पाळला. मध्येच ती नातीच्या हनुवटीला धरून सांगायची, "लांब बघ गो जरा." जान्हवी मान वर करायची. पण त्या खोलीत लांब होतं कुठे? इकडे भिंत, तिकडे कपाट, समोर ओढलेला पडदा. जास्तीत जास्त लांब म्हणजे बापाचे चादरीबाहेर आलेले पाय. पोरगी ते बघायची आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे वळायची.

डोकं दुखायला लागलं ते त्याच वर्षी. डोळे लाल व्हायचे, पाणी यायचं, जान्हवी मुठींनी चोळत बसायची. नमिताने दुकानातून थेंब आणले, थंड वाटणारे. निलेशने कॉम्प्युटरचा उजेड कमी केला. रत्नप्रभा तरी मागे कशी राहील? "कोणाची तरी दिष्ट लागली आसा चेडवाक," ती नातीकडे बघून म्हणाली आणि शनिवारी तिन्हीसांजेला पाट मांडला. तव्यावर मिरच्या पडल्या. त्या मात्र नव्या होत्या, लालभडक. असा ठसका उठला की निलेश झोपेतून खोकत उठला. जान्हवीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. रत्नप्रभाने पदराने तिचे डोळे पुसले आणि समाधानाने म्हणाली, "बघ, सगळा बाहेर पडला."

पुढच्या शनिवारी पुन्हा डोकं दुखलं, पुन्हा पाट. त्याच्या पुढच्याही. नंतर एकदा जान्हवी वाचता वाचता डावा डोळा मिटून घेऊ लागली, तेव्हा आजी हसली. "डावो डोळो लवता? बाईमाणसाक ता शुभ, बाय माझे. परीक्षेत नंबर येतलो तुझो."

नंबर आला खरा, पण तो कुठला ते पुढे कळलं.

मग एके दिवशी जान्हवीने डोकं दुखतं म्हणणं बंद केलं. एकदम बंद. शनिवार आले आणि गेले, पाट भिंतीला टेकून राहिला. रत्नप्रभाने चाळभर सांगितलं की नातीची दिष्ट कडक होती, पण काढली एकदाची. बायकांनी माना डोलावल्या. तिच्या हाताचं नाव आणखी वाढलं. दहिसर चेक नाक्यापलीकडूनसुद्धा बायका पोरं घेऊन यायला लागल्या.

शाळा उघडल्या तरी कॉम्प्युटर हलला नाही. आता प्रोजेक्ट असायचे, चित्रं शोधायची असायची, गेम असायचे. निलेश झोपलेलाच असायचा, पडदा ओढलेलाच असायचा. वर्गात जान्हवी फळ्यावरचं चुकीचं उतरवायची. बाईंनी तिला पहिल्या बाकावर आणलं, तरी तेच. चेंडू झेलता यायचा नाही. ग्लासात पाणी ओतताना बाहेर सांडायचं. "लक्ष नाही," बाई म्हणाल्या. "आळशी आहे नुसती," नमिता म्हणाली. दिवसभर उभं राहून पाय सुजलेल्या बाईने घरी आल्यावर सांडलेलं पाणी बघितलं की तिच्या तोंडून दुसरं काय निघणार? रत्नप्रभा तेवढी नातीची बाजू घ्यायची. तळहातावरच्या फोडासारखं जपत होती ती पोरीला. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत होती. सगळ्यावर होतं तिचं लक्ष, एका डोळ्याचं सोडून.

जान्हवी पाचवीत असताना शाळेत डोळे तपासायला माणसं आली. त्याच दुपारी बाईंचा नमिताला फोन आला, मोठ्या इस्पितळात दाखवा, उशीर करू नका. नमिताला सुट्टी मिळेना. म्हणून निलेश रात्रपाळी संपवून तसाच युनिफॉर्ममध्ये आला आणि मायलेक पोरीला घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तोंडाने फटकळ, पण हात हलका. त्यांनी जान्हवीचा डावा डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. तिने वरच्या ओळी वाचल्या, खाली अडखळली. मग त्यांनी उजवा डोळा झाकला.

"वाच."

जान्हवीने मान पुढे काढली.

"सगळ्यात वरचं, मोठं अक्षर आहे बघ. कुठलं?"

"कुठे आहे?" जान्हवीने विचारलं.

रत्नप्रभाला वाटलं, पोरगी चेष्टा करते आहे. एवढं मोठं अक्षर! भिंतीएवढं! तिला स्वतःला, मोतीबिंदू व्हायला आलेल्या म्हातारीला, बाकावरून दिसत होतं. ती उठून म्हणाली, "अगो, ता काय समोर." डॉक्टरीणबाईंनी तिला हाताने खाली बसायला सांगितलं.

डोळ्यांत औषध घालून, यंत्रांवर हनुवटी टेकवून, पुन्हा तपासून झालं. मग डॉक्टरीणबाई निलेशला म्हणाल्या, "उजव्या डोळ्याला नंबर आहे, चष्म्याने भागेल. डाव्याचा नंबर फार मोठा आहे. एका डोळ्याला बरं दिसतं, दुसऱ्याला धूसर, मग मेंदू काय करतो, धूसर डोळ्याचं काम घेणंच बंद करतो. आळशी डोळा म्हणतो आम्ही त्याला. सहा-सात वर्षांची असताना आणली असतीत तर चष्मा आणि पट्टी लावून पुष्कळ फरक पडला असता. आता हिचं दहा संपलंय. करू प्रयत्न. पण डाव्या डोळ्याची दृष्टी गेल्यात जमा आहे."

"कॉम्प्युटरमुळे झालं ना हे?" निलेशने विचारलं. "मीच आणला होता."

"सगळं कॉम्प्युटरच्या माथी मारू नका. डाव्या डोळ्यात फरक आधीपासून असणार. पण अंधारात, नाक लावून, उठू न देता वर्षानुवर्षं बसवलीत, नंबर वाढत गेले. आणि डोकं दुखलं असेल, डोळ्यांतून पाणी आलं असेल, तेव्हाच आणायला हवी होती. दुखत नव्हतं का हिला?"

रत्नप्रभाच्या कानात अजून 'दृष्टी' हा शब्दच घोळत होता. तिला तो अर्धाच कळला होता, आणि त्या अर्ध्याला ती धरून होती. ती पुढे सरकून म्हणाली, "दिष्ट मी काढली होती, बाई. दर शनिवारी काढली. मग दुखायचं थांबलं."

डॉक्टरीणबाईंना काही उमजेना. त्या जान्हवीकडे वळल्या. "दुखायचं थांबलं होतं का गं?"

"नाही."

"मग सांगायचं नाही का घरी?"

जान्हवीने आजीकडे पाहिलं. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, ती आजीनेच लागू दिली नव्हती. "सांगितलं ना की आजी मिरच्या जाळते. मग डोळे अजून झोंबतात. म्हणून मी सांगायचीच नाही."

डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. रत्नप्रभा बाकावर बसली होती, आणि तिला आपले दोन्ही हात कुठे ठेवावेत ते कळेना. ज्या हातांचं नाव चेक नाक्यापलीकडे गेलं होतं, तेच हात. परतीच्या रिक्षात निलेश बाहेर बघत होता. रत्नप्रभा दुसऱ्या कडेला होती, आणि मधे जान्हवी, औषधाने बाहुल्या मोठ्या झालेल्या, सगळे दिवे फुटून पसरल्यासारखे दिसतात म्हणून हसत होती.

चष्मा आला, पट्टी सुरू झाली. पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागेल. शाळेतून आल्यावर जेवणापर्यंत लावून ठेवायची. जान्हवीचं जग त्या वेळात धुक्यात जायचं. ती भिंतीला धरून चालायची, रडायची, पट्टी ओरबाडायची. रत्नप्रभा तिचे हात धरून ठेवायची. "थोडा थांब, बाय. थोडाच." शेंगदाणे मोजायला द्यायची, मणी ओवायला द्यायची. सुईत दोरा जाईना तेव्हा दोघी रडायच्या, एक मोठ्याने आणि एक मनात.

कॉम्प्युटर आता खिडकीशी आला, हातभर लांब. दिवसा पडदा उघडा राहू लागला. झोपायचं कसं, असं निलेश म्हणाला नाही. पहिल्याच दिवशी त्याने दोरीवरचा गमछा ओढला, डोळ्यांवर बांधला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. घोरायलाही लागला. रत्नप्रभा त्याच्याकडे बघत राहिली. एका गमछ्याचं काम होतं! खोलीभर काळोख करण्याऐवजी एका माणसाचे डोळे झाकायचे होते. त्या घरात माणसं चार, एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे तर सगळे डोळस दळत होते.

रत्नप्रभाने दिष्ट काढणं सोडलं. बायका यायच्या, ती दारातूनच मान हलवायची. कुणी म्हणालं, म्हातारीला गर्व झाला. कुणी म्हणालं, स्वतःच्या नातीचं काही करता आलं नाही, दुसऱ्यांचं काय करणार? दुसरं बोलणं खरं होतं.

वर्ष सरायच्या आत डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता पट्टी पुरे. फरक नावापुरता आहे, याहून पुढे जाईलसं वाटत नाही. चष्मा कायम ठेवा, उजवा डोळा जपा, मार लागू देऊ नका. "एकच आहे असं समजा," त्या म्हणाल्या. नमिता त्या दिवशी आली होती. घरी आल्यावर तिने उरलेल्या पट्ट्या कचऱ्यात टाकल्या, आणि मग पोरीला जवळ ओढून, "मी तुला आळशी म्हणायचे गं," म्हणत हुंदके देऊन रडली. जान्हवी तिलाच थोपटत होती.

त्याच आठवड्यात शेजारची मालन आली. मालन म्हणजे रत्नप्रभाची चाळीतली सगळ्यात जुनी मैत्रीण. काखेत तिची चार वर्षांची नात, नाव पूर्वी. मुलगा-सून कामावर, पोरगी दिवसभर टॅब घेऊन आजीपाशी.

"रत्ने, माका नाय म्हणू नको," मालन म्हणाली. "सारखी डोळे चोळता. रातची उठान रडता. एकदा फक्त मीठ-मोहऱ्या उतरव. तुझ्या हाताचो गुण आसा."

"माझ्या हाताक काय गुण नाय, मालन."

"बालवाडीत सगळी म्हणतत चेडू नक्षत्रासारखा आसा. दिष्टच ती. एवढा कर."

रत्नप्रभा पूर्वीकडे बघत होती. पोरगी टॅब नाकाला लावून बसली होती, मान एका बाजूला कलती करून. रत्नप्रभा उठली. मालनला वाटलं, चला, ऐकलं. रत्नप्रभाने डबा उघडून तीन मिरच्या काढल्या आणि पाट मांडला. पण पाटावर पूर्वीला बसवून ती मालनला म्हणाली, "तिचो उजवो डोळो झाक. हातान. घट्ट."

"ह्या कसला नवीन?"

"झाक म्हणतंय ना."

मालनने झाकला. रत्नप्रभा उलट्या पावलांनी मागे गेली, दाराबाहेर, गॅलरीच्या कठड्यापर्यंत, आणि तिथून हात वर केला. "पूर्वी, किती मिरच्यो सांग."

"तीन!" पूर्वी ओरडली. तिला खेळ आवडला.

"आता डावो झाक."

मालनचा तळहात डाव्या डोळ्यावर गेला, आणि पोरगी वळवळली. डोकं मागे घेऊ लागली. दोन्ही हातांनी आजीचा हात ओढू लागली. "काढ! काढ ना!"

"एकदा मिरच्यो सांग, मग आजी हात काढतली," रत्नप्रभा गॅलरीतून म्हणाली. "किती आसत?"

पूर्वी रडायला लागली. मालनने हात काढला. "नाय आवडत गो तिका. कशाक छळतस?"

रत्नप्रभा धावतच आत आली. "मालन, आताच्या आता हिका इस्पितळात घेवन जा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"उद्या सुनेक सांगतंय..."

"उद्या नको!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की पलंगावर निलेश गमछा काढून उठून बसला. "चार वर्षांची आसा. अजून वेळ आसा तिका. जा तू. नायतर चल, मी येतंय."

मालनने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. तिने पूर्वीला कडेवर घेतलं. निलेश पायात चपला सरकवत म्हणाला, "चला मावशी, मी रिक्षा आणतो," आणि तिघं जिन्याने खाली गेली.

खिडकीशी जान्हवी बसली होती. कॉम्प्युटरवर तिचं भूगोलाचं काहीतरी उघडं होतं, पण तिने सगळं पाहिलं होतं, चांगल्या डोळ्याने.

"आजी," तिने विचारलं, "ती बरी होईल?"

"होईत. लहान आसा ती. होईत."

जान्हवीने चष्मा काढला, आपल्या हाताने एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. हात तसाच धरून तिने आजीकडे तोंड केलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"आजी, एवढंच करायचं होतं?"

रत्नप्रभा पाटाशी उभी होती. तिच्या मुठीत त्या तीन मिरच्या इतक्या आवळल्या गेल्या होत्या की फुटून बिया तळहाताला चिकटल्या होत्या. तिने हात उचलला आणि अर्ध्यातच थांबवला. हाताला मिरची लागली होती, तिला डोळेही पुसता येईनात.